दाराची आतली बाजू

घड्याळजींनी चहा पुढे केला, तेव्हा ताई गुडघे टेकून त्यांच्या घराच्या मागच्या दाराची आतली बाजू न्याहाळत होत्या.

"हे ओरखडे कशाचे, काका?"

"आधीच्या कुत्र्याचे." घड्याळजी कप धरून उभेच राहिले. "बायकोला दवाखान्यात हलवलं, त्या दिवशी तो घरात एकटा राहिला. गडबडीत डोक्यातच आलं नाही हो. एकदाच झालं तसं."

"एकदाच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

प्राण्यांच्या निवारागृहात ताई सहा वर्षं विनामोबदला राबत होत्या. कुत्रं मागायला आलेल्या माणसाचं घर पाहून यायचं, हे त्यांचं खास काम. माणूस काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नका, असं त्या नव्या स्वयंसेवकांना शिकवत. माणूस गोड बोलतो, जनावर बोलतच नाही. खरं बोलतं ते दार, आणि तेही आतल्या बाजूने. हे वाक्य व्यवस्थापकांनी चौकटीत बसवून कार्यालयात टांगलं होतं. सद्विचारांना भिंत नेहमीच मिळते.

घड्याळजींना हवी होती ती आत्याबाई. चौदा वर्षांची, एका डोळ्याने अधू, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवल्यासारखी गुरगुरणारी, म्हणून आत्याबाई. तिच्यासाठी आजवर दुसरं कोणीही आलं नव्हतं. जागा अपुरी असल्याने ज्या म्हाताऱ्या कुत्र्यांना महिनाअखेरपर्यंत घर मिळत नसे, त्यांना डॉक्टर शेवटचं इंजेक्शन देत. आज तीस तारीख होती.

"दुकानात किती वेळ असता?"

"चार तास. पण तिला बरोबरच नेईन की! तिथं सगळी घड्याळंच. गुरगुरली तरी वाईट वाटून घेणारं कोणी नाही."

आपल्याच विनोदावर घड्याळजी हसले. ताई हसल्या नाहीत.

"आणि नेता आलं नाही, त्या दिवशी?"

घड्याळजींना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी जरा विचार केला.

"त्या दिवशी दार लावून जावं लागेल."

"मग नाही जमायचं, काका."

"अहो ताई, आज ती तिथं मरेल!"

"रोज कोंडून मारण्यापेक्षा एकदाच मेलेली बरी." ताई उठल्या. चहावर साय धरली होती.

निवारागृहात व्यवस्थापकांनी कागदावरचा 'नापसंत' हा शेरा दोनदा वाचला.

"जरा जास्तच कडक होताय, ताई. म्हातारा साधा आहे हो."

"साधीच माणसं कोंडतात, साहेब. वाईट माणसं सरळ हाकलून देतात."

व्यवस्थापकांनी सही केली.

आत्याबाईला ताईंनी स्वतः मांडीवर घेतलं. जायचंच तर नीटनेटकं जावं, म्हणून पर्समधली नखं कापायची पक्कड काढून तिची वाढलेली नखं एकेक करून कापली. आत्याबाई आधी गुरगुरली. मग तिने ताईंच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि डॉक्टर तिच्या पायाशी वाकले तरी ती उचलली नाही. ताई रडल्या. खोटं रडणं त्यांना कधी साधलंच नव्हतं.

"सकाळी नऊला येतात त्या, संध्याकाळी सहाला जातात," त्या गेल्यावर व्यवस्थापक डॉक्टरांना म्हणाले. "नवरा परदेशी. घरी म्हाताऱ्या सासूबाई, त्यांचंही सगळं ह्याच बघतात. अशी माणसं आता..."

"राहिली नाहीत," सुई टोपलीत टाकत डॉक्टर म्हणाले.

साडेसहाला ताईंनी घराचं कुलूप काढलं. चपला जागेवर ठेवल्या, साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, पक्कडही जंतुनाशकाने पुसली. मग आतल्या खोलीला बाहेरून घातलेली कडी सरकवून त्यांनी दिवा लावला. पाण्याचा तांब्या कोपऱ्यात कलंडला होता. त्या गुडघे टेकून बसल्या.

"हात पुढे करा, आई," त्या मायेने म्हणाल्या. "दार फार खराब करताय तुम्ही."