लाल नाड्यांचे बूट

“अजून घट्ट आवळा,” नवरा म्हणाला.

बूट विकणारी बाई त्याच्या बायकोच्या पायाशी बसली होती. तिने मान वर केली. “ताई, बोटं हलतात का आत?”

“हलतात हो,” उत्तर पुन्हा नवऱ्याकडूनच आलं. पाय बायकोचा, पण बूट चावतो की नाही ते सांगायचं याने. दुकानात पाऊल टाकल्यापासून हेच चाललं होतं.

त्याला खरं तर चामड्याचे जाडजूड बूट हवे होते. दिसायला भारी. बाईने ते सरळ बाजूला ठेवले. दोन तळ्यांमधली वाट होडी खांद्यावर घेऊन चालायची म्हणजे आधी पाणी, मग चिखल, मग दगड. चामडं पाणी पितं आणि पाय मणामणाचे होतात. त्यापेक्षा हे जाळीचे बरे. आत आलेलं पाणी बाहेर सोडतात, तळ कडक, बोटं झाकलेली. नाडीचा एक वेढा घोट्यामागून घ्यायचा आणि पुढे दुहेरी गाठ मारायची, म्हणजे चिखलात बूट निघून येत नाही.

“माझे पण अस्सेच आहेत,” बाई म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी मीही असते त्या वाटेवर. आणि नाडी लाल घ्या. होडी डोक्यावर असली की मागच्याला पुढच्याच्या टाचांखेरीज काही दिसत नाही.”

“वा! म्हणजे नजरेआड व्हायची सोयच नाही!” नवरा खूश होऊन हसला. बायकोही हसली. तो हसला की हसावं लागे.

ती नजरेआड झालेली त्याला खपत नसे. लग्नाआधी हीच बायको वांड पोरांनी खच्चून भरलेली शाळेची व्हॅन चालवायची, आणि एकेकाला हाकेसरशी गप्प बसवायची. आता गाडीची किल्ली कायम त्याच्या कमरेला, आणि तो कामावर गेला की दाराला बाहेरून कुलूप. चोरांची भीती म्हणे! धाकट्या बहिणीकडे जाऊन येते म्हटलं की तो म्हणायचा, “बघू.” त्या ‘बघू’ला काही वर्षं झाली होती. हल्ली बहिणीचा फोनही येईनासा झाला होता. एकदा, फक्त एकदा बहिणीच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं तिला.

घरी आल्यावर नाड्या आखूड निघाल्या. वेढा घातला की गाठीपुरती नाडी उरेना. नवऱ्याने दुकानासमोर गाडी लावली, इंजीन चालूच ठेवलं आणि तिला आत पिटाळलं. ती लवकर बाहेर येईना, तेव्हा त्याने भोंग्यावर हात दाबून धरला.

“नाड्या आणायला गेली होतीस की विणायला?”

“वेढा कसा घ्यायचा ते दाखवत होत्या. आणि म्हणाल्या, किल्ली कमरेला ठेवू नका. होडी उचलायला वाकलं की सुटून पाण्यात पडते. बॅगेत बरी.”

“मला अक्कल शिकवते काय!” तो म्हणाला.

रविवारी सकाळभर पहिल्या तळ्यात वल्हवून झालं. मग गाडी उभी होती त्याच काठावरून त्यांनी दुसऱ्या तळ्याची वाट धरली. होडी उचलायच्या आधी त्याने कमरेची किल्ली काढली, बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन स्वतः लावली आणि बॅग बायकोच्या पाठीवर चढवली. अक्कल कुणाची का असेना, किल्ली त्याची होती.

होडी उलटी करून तिची आडवी दांडी त्याने मानेमागे बसवली. आत अंधार, ओल्या लाकडाचा वास आणि स्वतःचाच श्वास. समोर हातभर जमीन आणि घोट्यांमागचे दोन लाल वेढे. त्यांच्यामागून तो निघाला.

“अहो, थांबा. नाडी सुटली.”

“झालं! म्हणत होतो ना, मी बांधतो म्हणून!”

“झुडपामागे दगड आहे. बसून बांधते.”

लाल वेढे बाजूला सरकले आणि दिसेनासे झाले. तो उभाच राहिला. होडी उतरवली तर पुन्हा चढवायची कुणी? मान भरून आली.

“मेलीस की काय तिकडं?” तो ओरडला. आवाज होडीत घुमून त्याच्याच कानांत शिरला.

लाल वेढे पुन्हा समोर आले. गाठ आता पक्की असावी.

“आता तोंड बंद. मुक्कामाला पोचेपर्यंत एक शब्द नको. नाकासमोर चाल.”

बूट चालू लागले. चिखलात सपाट पडत होते, निसरडे दगड बरोबर टाळत होते. हूं नाही की चूं नाही. त्याला बरं वाटलं. जरा धाक दाखवला की जमतं सगळं हिला! त्या खुशीत तो बोलत सुटला.

“आणि बहिणीचं डोक्यातून काढून टाक. तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये मीच बंद करून ठेवलाय. तुझ्याच भल्यासाठी. घर एके घर, कळलं?”

बूट जागच्या जागी थांबले. मग पुन्हा चालू लागले, पहिल्यापेक्षा भराभर. त्याला दम लागला, पण सांगणार कसं? गपगुमान तो टाचांमागे चालत राहिला.

अखेर पाणी दिसलं. काठावर होडीवाली माणसं डबे उघडून बसली होती. त्याने होडी खाली टाकली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि डोळ्यांतला घाम पुसत म्हणाला, “बॅग उघड. किल्ली आहे ना, बघ आधी.”

लाल नाड्यांचे बूट त्याच्याकडे वळले.

“किल्ली ताईंकडे आहे,” बूट विकणारी बाई म्हणाली.