नववं मत

टेलिफोन कंपनीचा मालक एमेट स्ट्रँड साक्षीला उभा राहिला तेव्हा व्हर्ना टोलेफसनने हातातलं पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं. तरी बघितलंच.

सत्याण्णव सालचा फेब्रुवारी. राज्याच्या राजधानीत, हेलेनाला, विधिमंडळाच्या समितीची बैठक सकाळपासून चालू होती. बिल एकच, भांडणं तीन. टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने कंपन्यांकडून घ्यायची फी कमी करायची. त्यासाठी खात्यातले चार तपासनीस घरी पाठवून खर्च वाचवायचा. आणि आजवर एकेका कंपनीच्या ताब्यात असलेला मुलूख सगळ्यांना खुला करायचा. पहिल्या दोन मुद्द्यांवरच दुपार झाली होती.

"चार माणसांचे पगार वाचवायला आपण नऊ आमदार सकाळपासून भत्ता खातोय," अध्यक्ष ओरिन मॅकाफी म्हणाला. "आता टेलिफोनवर या, बाबांनो."

नऊपैकी चार जण बिलाच्या बाजूने होते, चार विरुद्ध. नववी व्हर्ना. तिने अजून कुणालाच शब्द दिला नव्हता.

खरं म्हणजे विरुद्ध मत द्यायचं तिने मनात नक्की केलं होतं. आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारीण हेझल बर्कलंडने तिचा हात धरला होता. "व्हर्ना, कायद्याची सक्ती आहे म्हणून तो स्ट्रँड आपल्या खोऱ्यात तार ठेवतो. हे बिल झालं की सक्ती गेली. अकरा घरांसाठी पन्नास मैलांची तार कोण सांभाळणार? तुझा राग मला कळतो गं. पण मी एकटी राहते."

व्हर्नाचा राग साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता. आठ वर्षांपूर्वी हिमवादळानंतर खोऱ्यातले फोन सहा दिवस बंद होते. स्ट्रँडची माणसं आधी गावातल्या तारा जोडत बसली. सहाव्या दिवशी गोठ्यात तिच्या नवऱ्याच्या, कार्लच्या, छातीत कळ आली. फोन मुका. व्हर्ना बर्फातून गाडी रेटत गेली, डॉक्टरला घेऊन परतली, तेव्हा कार्ल गवताच्या गठ्ठ्याला टेकून तसाच बसलेला होता. थंडगार. चौकशी झाली. दोष हवामानाचा ठरला. व्हर्नाने अर्ध्या गाई विकल्या आणि निवडणुकीला उभी राहिली.

"वकील कुठाय तुमचा, एमेट?" मॅकाफीने विचारलं. "दरवेळी त्यालाच पाठवता."

"या वेळी घरावरच आलंय. म्हटलं, स्वतः जावं." स्ट्रँडने टोपी टेबलावर ठेवली. "हे बिल झालं तर माझी कंपनी उरणार नाही. माझ्या बापाने स्वतःच्या खांद्यावर खांब वाहून उभी केलीय ती. मोठी धेंडं येतील आणि गाव गिळतील. तेवढं थांबवा, एवढंच सांगायला आलोय."

"आणि तुमच्याबद्दलच्या तक्रारी?" मॅकाफी म्हणाला.

स्ट्रँड व्हर्नाकडे वळला.

"तक्रारी कुणाच्या, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. वादळात तारा तुटतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी गावात येऊन राहावं. टोलेफसनबाईंच्या यजमानांचं वाईट झालं. पण त्यांचं हृदय काही माझ्या कंपनीने बसवलेलं नव्हतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

व्हर्नाची कानशिलं तापली. "जिभेला आवर घाला, एमेट," असं मॅकाफी म्हणाला, ते तिला ऐकूही आलं नाही. तिला हेझलचा हात आठवला. तो तिने मनातल्या मनात सोडवून घेतला.

मतं पुकारली गेली. चार आणि चार.

"टोलेफसन?"

"बाजूने," व्हर्ना म्हणाली. स्ट्रँडच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

त्याने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान तिने पोटभर बघून घेतली.

पुढे बिल कुठेच अडलं नाही. एप्रिलमध्ये राज्यपालांची सही झाली. चर्चमध्ये हेझल आता दुसऱ्या बाकावर बसायला लागली. व्हर्नाने ते सोसलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागत होती.

जूनमध्ये कळलं की स्ट्रँड टेलिफोनची पाटी उतरतेय. व्हर्नाने ठेवणीतला शर्ट घातला आणि हे बघायला म्हणून चाळीस मैल गाडी हाकत गावात गेली.

पाटी फुटपाथवर भिंतीला टेकवलेली होती. स्ट्रँड बापाचा फोटो चादरीत गुंडाळून गाडीत ठेवत होता.

"दुखतंय ना?" व्हर्ना म्हणाली. "दुखू दे. सहा दिवस, एमेट. एक माणूस पाठवला असतास तर कार्ल आज जिवंत असता. तुझी कंपनी मी बुडवली. माझ्या एका मताने. मरेपर्यंत लक्षात ठेव."

स्ट्रँडने सगळं ऐकून घेतलं. गाडीचं दार लावलं आणि टोपी काढली.

"बुडवली नाहीत, विकून दिलीत," तो म्हणाला. "तीन वर्षं एक मोठी कंपनी माझ्या मागे होती. भाव असा, की माझी नातवंडंही बसून खातील. फक्त तुमच्या खोऱ्याचं लोढणं त्यांना गळ्यात नको होतं. आधी कायदा बदला, म्हणाले, मग सही. चार मतं त्यांनी जमवली. पाचवं मी आणतो म्हटलं."

व्हर्नाने भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे बघितलं.

"त्या दिवशी मी तुमचं मत मागायलाच आलो होतो, व्हर्नाबाई. गोड बोलून मागितलं असतं, तर दिलं असतंत?"