सगळे झोपल्यावर

थोरलीने तंबूची चेन आतून ओढली आणि तिच्या कडीत सेफ्टी पिन अडकवली. मध्ये आई, दोन बाजूंना दोघी बहिणी. घरी दाराला दोन कुलपं होती, खिडक्यांना जाळ्या होत्या. इथे ही एवढीशी पिन.

"ताई, आई या पिनेने अडणार आहे का?" धाकटी कुजबुजली.

"आवाज तरी होईल. तू झोपल्यासारखं कर."

झोपल्यासारखं करण्यात दोघींचा हात धरणारं कोणी नव्हतं. आईची स्मरणशक्ती ढासळायला लागली तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, हाच उद्योग चालू होता. दिवा मालवायचा, "आई, झोप हं, बघ आम्हीपण झोपलो" म्हणायचं आणि संथ श्वास सोडत पडून राहायचं. लहान मुलाला निजवतात तसं. धाकटी तर घोरूनही दाखवायची. मूल एखाद वेळेस फसलं असतं. आई हटकून उठायची. अंधारात घरभर फिरायची, कड्या चाचपायची, खिडक्या हलवून पाहायची आणि पुन्हा या दोघींच्या उशाशी येऊन उभी राहायची. एकदा कुलूप लावायचं राहून गेलं, तेव्हा ती फाटकाबाहेर सापडली. घराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभी होती. ती बाहेर पडायची वाट शोधते, असं डॉक्टर म्हणाले. दोघींनाही तेच वाटलं.

जागरणांनी दोघींची पार रया गेली होती. थोरली बँकेच्या खिडकीत बसल्या बसल्या पेंगायची. धाकटीने एका सकाळी गाडी दुभाजकावर चढवली, ती थोडक्यात वाचली. मग तिनेच एका संस्थेत बोलणी केली. सोमवारी आईला तिथे सोडायचं ठरलं. रात्री उठणाऱ्यांना तिथे पलंगाला पट्ट्याने बांधतात, हे मात्र तिने थोरलीला सगळं ठरल्यावर सांगितलं. थोरली त्यावर भांडलीही नाही. भांडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

तंबूचा हट्ट थोरलीचा. आई जंगलांच्या मोजणीच्या नोकरीत होती आणि तिची उमेदीची वर्षं तंबूत गेली होती. तिथल्यासारखी झोप घरी लागत नाही, असं ती सुट्टीवर आली की म्हणायची. बाकी तिने काही सांगितलं नाही आणि या दोघींनी कधी विचारलं नाही. "एकदा नेऊन तर बघू," थोरली म्हणाली होती. "नाहीच झोपली तर सोमवार आहेच."

संध्याकाळी जंगलात पोचल्यावर धाकटी तंबूत चांगली झोप कशी लागते, ते फोनवरून मोठ्याने वाचत होती. आईने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वठलेल्या फांद्यांखालची जागा तिने सोडायला लावली. जमीन तळपायाने चाचपून डोक्याची बाजू चढाकडे करवून घेतली. दोघींना ओलसर मोजे काढून कोरडे घालायला लावले. पोटच्या पोरींची नावं विसरलेली ही बाई हे सगळं विसरली नव्हती. थोरलीला आशा वाटली. दमलेल्या माणसाला आशा फार चटकन वाटते.

पिन खुट्ट वाजली. आई उठून बसली होती. तिने शांतपणे पिन काढली, चेन उघडली आणि ती बाहेर गेली.

"झालं," धाकटी अंधारात म्हणाली. "ताई, तू जा. माझ्यात आता जीव नाही."

थोरली बाहेर आली. आई शेकोटीच्या निखाऱ्यांपाशी उभी होती. तंबूकडे पाठ, नजर झाडांकडे. समजावायचं, हात धरून आत न्यायचं, पुन्हा शेजारी पडून सोंग घ्यायचं. यातलं काहीच थोरलीला झेपेना. तिने निखाऱ्यांजवळ बसकण मारली.

"आई, तुला हवं ते कर. मी काही झोपत नाही आता. मी इथेच जागी बसते."

आईने वळून तिच्याकडे नीट पाहिलं. "पहाटेपर्यंत?"

"पहाटेपर्यंत."

"डुलक्या काढायच्या नाहीत. कुठे खुडबुड झाली तर आधी लाकूड टाकायचं, मग आम्हाला हाक मारायची."

"बरं."

"मग मी पडते," आई म्हणाली. "पाय भरून आलेत गं माझे. बदलीला कोणी येतच नव्हतं."

ती आत गेली. धाकटीच्या अंगावरचं पांघरूण तिने सारखं केलं आणि आडवी झाली. थोड्याच वेळात आई घोरायला लागली.

धाकटी रांगत बाहेर आली. "गोळी दिलीस?"

"नाही."

"मग?"

थोरलीने निखाऱ्यांवर एक लाकूड टाकलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचाही तिला कंटाळा आला होता.

"ताई, सोमवारी त्या लोकांना काय सांगायचं?"

"येत नाही म्हणून सांग," थोरली म्हणाली. "अगं, आई कुठे पळून जात नव्हती. ती आपली राखण करत होती. आपण तिला झोप, झोप म्हणत राहिलो. मी जागी आहे, असं एकदाही म्हटलं नाही."