साध्या पाण्याची फरशी

चुनखडीची ती काळसर, गुळगुळीत फरशी बायको नुसत्या पाण्याने पुसायची आणि त्यावरून रोज बोलणी खायची.

"अ‍ॅसिड आणून ठेवलंय ते काय शोभेला?" नवरा विचारायचा.

"अहो, अ‍ॅसिडने हा दगड जळतो. पांढराफटक पडतो," ती म्हणायची, आणि उलट उत्तराची थप्पड वर मिळायची.

आज थपडेवर भागलं नाही. ती इस्त्री करत होती, तीच इस्त्री त्याने उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. बैठकीतून फरफटत नेऊन तिला मागच्या कोठीत टाकलं, कुलूप लावलं आणि जन्मात पहिल्यांदा फडकं हातात घेतलं. रक्ताच्या ओघळावर बैठकीपासून कोठीपर्यंत अख्खी बाटली ओतली. फरशी फसफसली तसा गडी खूश झाला. मळ कसा निघतो ते बघायला आता ती नव्हती, एवढीच काय ती खंत. वरून बादलीभर पाणी मारलं. ओली फरशी आरशासारखी चकाकली. रक्ताचा टिपूस नाही.

तेवढ्यात मेहुणा आला.

"ताई कुठंय?"

"गेली रुसून कुठंतरी. तिचा राग तुला ठाऊकच आहे."

"येईल मग. बसतो जरा." मेहुण्याने घाम पुसला. "भाऊजी, तेवढा पंखा लावा की."

त्याने हसत बटण दाबलं.

 

फरशी वाळत गेली, आणि मेहुण्याच्या पायापासून कोठीच्या कुलपापर्यंत, बायको सांगायची तशीच, एक पांढरीफटक वाट उमटत गेली.