रेषेबाहेरचे चेंडू

छत्तीस सालचा बेसबॉलचा मोसम. आयोवातल्या रेडिओ केंद्रात बसून ऑर्व्हिल, तारेने येणाऱ्या बातम्यांवरून, परगावच्या सामन्यांचं समालोचन करायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा मैदानातच बसलाय.

त्या दुपारी त्याचा धाकटा भाऊ लेस्टर फलंदाजीला आला आणि तारच बंद पडली. रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर फलंदाज बाद होत नाही, खेळतच राहतो; म्हणून वेळ काढायला ऑर्व्हिल मनचंच सांगत राहिला. "लेस्टरने फटकावला! पुन्हा रेषेबाहेर!"

फोन वाजला. मैदानावरून लेस्टरच्या संघाचा मॅनेजर बोलत होता.

"अरे, पावसाने सामना मघाशीच रद्द झाला. सगळे गेले. तुझा भाऊ मात्र एकटाच बॅट फिरवतोय. हात सोलवटलेत. तू तरी समजाव रे!"

लेस्टर बाद झाला असं न सांगताच ऑर्व्हिलने घाईघाईने माईक बंद केला.

फोनमधून बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज येतच राहिला.