शेवट वाचायचा नाही

भर दुपारी दहावी कथा वाचताना मृण्मयीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कथेतली बाईही तिच्यासारखीच एकटी राहायची आणि बाल्कनीची सैल कडी परकराच्या लाल नाडीने बांधून ठेवायची.

"ताई, ही दहावी कथा कुणाची?" तिने ऑनलाइन वाचनगट चालवणाऱ्या वत्सलाताईंना फोनवर विचारलं.

"दहावी? रविवारसाठी निवडायला मी नऊच गूढकथा पाठवल्यात, बाई!"

निवडणाऱ्याने शेवट वाचायचा नाही, तो रविवारी सगळ्यांनी मिळूनच वाचायचा, हा गटाचा नियम. मृण्मयीने तो मोडला. शेवटी दोनच ओळी होत्या:

'ती शेवट आधीच वाचणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो रविवारपर्यंत थांबला नाही.'

तिने मान वर केली. लाल नाडी जमिनीवर पडली होती.