आजींच्या तक्रारी

मधुमेही कुमुदआजींना सांभाळणाऱ्या नर्स जिन्सीचं लायसन्स रिन्यू व्हायचं होतं, म्हणून आरोग्य खात्याच्या बाई आखातातल्या खलिफा सिटीमधल्या घरी चौकशीला आल्या. आजींनी लगेच तक्रारींचा पाढा सुरू केला.

"ये लडकी मेरे को मीठा छूने नहीं देती! घुटना दुखता है, तो भी रोज चलाती है!"

चार वर्षांत मराठीसुद्धा शिकलेल्या जिन्सीला कळेना, आजी तिच्याच पोटावर पाय का देतायत.

बाईंनी मात्र हसत 'एक्सलंट' असा शेरा लिहिला आणि त्या गेल्या.

दार लागताच आजींनी डोळे मिचकावले.


"खलास! आता दोन वर्षं तुला कोणी हलवत नाही. जा, श्रीखंड काढ. चमचे नेहमीसारखे दोन आण."